पिकअपला बसवलेली ब्रेकची डबी

डबी काळी होती, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यासोबत आलेला कागद सगळा इंग्रजीत. आरमोरीत बसस्टँडच्या पलीकडे माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वीस वर्षं मी हेच करतो: वायरिंग, सेल्फ, डायनामो, हॉर्न. पण ट्रेलरच्या ब्रेकची डबी मी तोवर पाहिली नव्हती, कारण आमच्याकडे गाडीच्या मागे जे काही ओढलं जातं त्याला ब्रेक नसतोच. ट्रॅक्टरची ट्रॉली असो की धान मळायची मशीन, थांबायचं ते पुढच्याने. तो थांबला नाही तर मग ज्याचं त्याचं नशीब.

झालं असं होतं की भामरागडकडच्या गावांत काम करणाऱ्या एका संस्थेला बाहेरदेशातून कोणीतरी चाकांवरची खोली भेट दिली. डोळे तपासायची खोली, आत खुर्ची, मशीन, चष्म्यांची कपाटं. खोलीला स्वतःचे विजेवरचे ब्रेक होते, आणि ते चालवायला ओढणाऱ्या गाडीत ही डबी लागायची. डबीच्या पोटात सेन्सर असतो. गाडी किती जोराने थांबते आहे ते त्याला कळतं, आणि तेवढाच जोर तो मागच्या ब्रेकला पाठवतो. डबीवर एक दिवा असतो. मागे ट्रेलर जोडलेला असला की हिरवा, आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकच्या पेडलला लागला की लाल. एवढं मला त्या कागदावरून मोबाइल फिरवून फिरवून समजलं.

ती खोली माझ्या बाबांना ओढायची होती.

बाबा साठी ओलांडलेले. तीस वर्षं त्यांनी पिकअप चालवली. पावसात भामरागडचा रस्ता तुटायच्या आत तिकडे धान्य टाकायचं, आश्रमशाळेच्या गाद्या, औषधांची खोकी न्यायची, हे त्यांचं काम. पण आई गेल्यापासून गाडी अंगणातच उभी होती. आई पोळ्याच्या चार दिवस आधी न्हाणीत पडली आणि गडचिरोलीला पोचेपर्यंत संपली. मेंदूत रक्त सांडलं, असं डॉक्टर म्हणाले. बीपी होतं का, त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. आम्हाला माहीत नव्हतं.

त्यानंतर घरात आम्ही दोघे पुरुष. माझी बायको जिवतीकडे शाळेत शिकवते, पोरगी तिच्यापाशी असते, रविवारी कोणीतरी कोणाकडे जातं. बाकीचे दिवस भात मी लावायचा, वरण बाबांनी करायचं. बोलणं म्हणजे नळ आला का, सिलिंडर नोंदवलं का. मी रडलो नव्हतो, तेही रडले नव्हते. लोक म्हणायचे, बापलेक मोठे घट्ट मनाचे आहेत. घट्टबिट्ट काही नव्हतं. काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी संस्थेची सिस्टर दुकानात आली आणि खोली ओढायला कोणाची गाडी मिळेल का, असं मला विचारू लागली. बाबा मागे स्टुलावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मी ओढतो न, बाई." त्या संध्याकाळी त्यांनी पिकअप धुतली. आठ महिन्यांची धूळ, कोंबड्यांची घाण, सगळं. आई गेल्यावर त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. ही डबी नीट चालली तर बाबा पुन्हा माणसांत येतील आणि नाही चालली तर खाटेवरून उठणार नाहीत, एवढं मला कळत होतं. म्हणून मी ती कोणा दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

मे महिन्यात आमच्याकडे काम सकाळी सहाला सुरू करावं लागतं, दहानंतर पान्हा हातात धरवत नाही. दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली गाडी लावली. स्टिअरिंगच्या खाली, गुडघा लागणार नाही अशा जागी डबीची पट्टी स्क्रूने आवळली. बॅटरीपासून एक जाड वायर, एक अर्थ, एक वायर ब्रेक लाइटच्या स्विचपासून, आणि एक मागे सात पिनच्या सॉकेटपर्यंत. बाबा टॉर्च धरून उभे. टॉर्च धरणारा माणूस नेहमी चुकीच्या जागी धरतो, हा माझ्या धंद्यातला नियम आहे, पण बाबा बरोबर धरत होते. मी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

भांडण झालं ते डबी सपाट करण्यावरून. कागदात लिहिलं होतं, डबी जमिनीशी समांतर हवी. मी गवंड्याची लेव्हलची बाटली आणली होती. डबीवर ठेवली तर बुडबुडा मागे पळाला. आमच्याकडे नवी पिकअप घेतली की पूजा-वंदना काय असेल ती नंतर, आधी मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवतात. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर आमच्या लोकांचा विश्वास नाही. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच राहते आणि नाक खाली खुपसते. मी डबीचं तोंड उचलून बुडबुडा मधोमध आणू लागलो, तर बाबा म्हणाले, "रिकाम्या गाडीत काऊन नापून राह्यला? रिकामी गाडी लेकराइले खेळाले ठेवतेस का?"

"कागदात तसं लिवलं नाई, बाबा."

"कागद लिवनाऱ्याच्या गाडीले बारा पाटे हायत का?"

बरोबर होतं त्यांचं. बरोबर असलेल्या माणसाचा मला जास्त राग येतो. बाजूच्या राइस मिलमधून आम्ही धानाची पोती आणली आणि मागच्या उघड्या डाल्यात रचली, गाडी सरळ होईपर्यंत. तोवर ऊन चढलं होतं. पोती सरकवायला सँडल काढून वर चढलो, तर डाल्याचा पत्रा तव्यासारखा तापलेला. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. बाबाही अनवाणीच, पण निवांत उभे राहून पोतं ओढत होते. जुनी हाडं आहेत, असं मला वाटलं, आणि जरा अभिमानही वाटला. मग डबी पुन्हा सपाट केली, बुडबुडा मधोमध आला, स्क्रू आवळला.

चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी. ट्रेलर तर गडचिरोलीला होता, पण त्यासाठी माझ्याकडे सोपी युक्ती होती. मागच्या सॉकेटला ट्रेलरऐवजी मी हेडलाइटचा एक बल्ब जोडला. ब्रेक हळू दाबला तर बल्ब मिणमिणेल, जोरात दाबला तर भक्कन पेटेल, पाय काढला की विझेल. बल्ब बांबूच्या कामटीला बांधला, कामटी पोत्यांत खुपसली, आणि मी पोत्यांवर बल्बासमोर मांडी घालून बसलो. बाबांनी गाडी कालव्याच्या रस्त्याला घेतली.

त्या रस्त्याला सकाळी कोणी नसतं. धानाचं रान, बांध, बगळे. रस्ता सरळ, वळण नाही, समोर माणूस नाही, म्हणजे ब्रेक लावायचं काही कारणच नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर बल्ब मिणमिणत होता. बारीक पिवळा. मधूनच विझायचा, परत लागायचा. मी टपावर थाप मारली. गाडी थांबली तेव्हा तो झगझगीत पेटला, म्हणजे सेन्सर उत्तम होता. पण थांबायच्या आधीचा उजेड कुठून आला, ते कळेना.

"बाबा, बिरेक दाबून राह्यले का?"

"कोनासाठी दाबू? बगळ्यासाठी?"

मग मी फॉल्ट शोधत गेलो. आधी डबी जरा वाकडी झाली असेल म्हणून बाटली लावली. सपाट होती. मग ब्रेक लाइटचा स्विच. हा पेडलच्या वर बसतो आणि पेडल जरासं खाली गेलं की बत्ती लावतो. या गाडीच्या स्विचचं आणि माझं जुनं वैर होतं. आई होती तेव्हापासून मागून येणारे ड्रायव्हर बाबांना सांगायचे, भाऊ, तुमची लाल बत्ती जळतच राह्यते. मी दोनदा स्विच बदलला होता. शिवाय या गाडीचे ब्रेकचे लायनर टिकत नव्हते, घासून संपायचे. त्याबद्दल मी सुट्या भागांच्या दुकानदाराला चार लोकांत खोटा माल विकतोस म्हणालो होतो. आता तिसऱ्यांदा नवा स्विच बसवला.

परत कालव्यावर. परत बल्ब पेटलेला.

मग मी बाबांना मागे बसवलं आणि स्वतः चालवत नेलं. दोन किलोमीटर गेलो, आलो. "विझलेला होता का?" विचारलं. "पूरा विझलेला," बाबा म्हणाले. "तू थांबवली तवा पेटला, बस." परत बाबांनी चालवली, परत पेटला. माझ्या धंद्यात सगळ्यात वाईट फॉल्ट कुठला, तर कधी येतो आणि कधी जातो तो. कुठेतरी वायर ढिली आहे, गाडी हलली की चिकटते, असं मी ठरवून टाकलं. सगळी वायर उघडली, सगळे जोड परत सोल्डर केले. मी चिडलेलो होतो. डबीला, तिला बनवणाऱ्यांना, आणि पाटे वाढवणाऱ्या आमच्या सगळ्या तालुक्याला मी शिव्या घातल्या. बाबा मध्येच म्हणाले, "तुले जमत नसन तर ब्रह्मपुरीवाल्याले दाखवू," आणि मी त्यांना उलटून बोललो, "तुम्ही गाडी चालवा, वायर मी पाहतो." ते परत स्टिअरिंगवर जाऊन बसले. ड्रायव्हर कसा आहे हे पाहायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तीस वर्षांत त्यांनी कोणाला साधं खरचटू दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावरच मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, बाबा, तुम्ही सीटवर तसेच बसा, जसे बसले आहात तसेच. इंजिन बंद करा, चावी चालू ठेवा. मी दाराकडून आत वाकलो, डोकं स्टिअरिंगच्या खाली घातलं. डबीचा दिवा लाल होता.

"पाय काढा, बाबा."

"काढला."

दिवा लालच. टॉर्च खाली फिरवली आणि मला बाबांचा पाय दिसला. टाच जमिनीवर टेकलेली, पाय बाहेर फाकलेला, अर्धा ॲक्सिलेटरवर आणि अंगठ्याकडची कड ब्रेकच्या पेडलवर चढलेली. सँडलचा तळ त्या जागी घासून गुळगुळीत झाला होता.

"पाय काढा म्हटलं न."

"अबे, काढलाच हाय. केवढ्या डाव सांगू?"

आमच्या घरात कोणी कोणाच्या पायाला हात लावत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरात हा नियम केला: आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पायांवर डोकं ठेवलं, आता बस. बापाच्या पाया पडायचं नाही, गुरुजींच्या नाही, कोणाच्याच नाही. ताठ उभं राहायचं, डोळ्यांत पाहायचं, जय भीम म्हणायचं. लग्नातसुद्धा आम्ही असंच केलं. मला या नियमाचा गर्व आहे, आजही. पण त्यामुळे त्रेचाळीस वर्षांच्या वयात मी बाबांचा पाय पहिल्यांदा हातात घेतला, तो स्टिअरिंगच्या खाली.

पाय गार होता. बाहेर ती आग आणि पाय गार. मी अंगठा दोन बोटांत धरला आणि उचलून ब्रेकवरून बाजूला ठेवला. दिवा हिरवा झाला. वर बाबा समोरच्या काचेतून पाहत बोलत होते. भामरागडच्या अलीकडच्या उतारावर ही खोली कशी न्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये की तिसऱ्या, असं काहीतरी. मी अंगठा दाबला. नखाने टोचलं. सँडलचा पट्टा सरकवला तर अंगठ्याखाली एक जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, जुनी. तिला टेस्टरचं टोक लावलं. बाबा तिसऱ्या गिअरबद्दलच बोलत होते.

"सापडला का फॉल्ट?" त्यांनी विचारलं.

"नाई अजून," मी म्हणालो.

मी बाहेर आलो, कालव्याच्या काठावर जाऊन उभा राहिलो. कालवा कोरडा होता, पाहायला काही नव्हतं. मला भीती वाटली होती. आणि लाज. तीन दिवस मी डबी सपाट करत होतो, दोन वर्षं स्विच बदलत होतो, आणि शेजारी बसून या माणसाने माझ्यासोबत रोज भात खाल्ला. मग मी परत आलो आणि त्यांना सांगितलं. म्हटलं, तुमचा पाय ब्रेकवर होता, मी हाताने उचलून बाजूला ठेवला, मी टोचलं, तुम्हाला समजलं नाही.

बाबांनी पायाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. मग चावी बंद केली.

"कवापासून?" मी विचारलं.

"चार-पाच सालं झाले. आंगठ्यातून सुरू झालं. पयले मुंग्या येत होत्या, मंग त्या बी बंद झाल्या."

"आईले माहीत होतं?"

"तिनंच पाह्यलं पयले. बजारातून येऊन राह्यलो होतो, एक चप्पल पायातून निघून गेली अन् मी तसाच चालत आलो. तिनं मांगून उचलून आनली. मंग पट्ट्याची सँडल घे म्हने."

"मंग दाखवलं काऊन नाई दवाखान्यात?"

त्यांनी सँडलचा सरकलेला पट्टा परत ओढून आवळला. मग म्हणाले, "आशाबाई घरी सर्वेले येते तवा काय इचारते? आंगावर चट्टा हाय का, हातपाय सुन्न पडते का. सुन्न पाय म्हनजे महारोग. मले नाई समजत का?"

"त्याचं औषध हाय आता. गोळ्या खाल्ल्या की साल-सहा महिन्यात संपते. फुकट देतेत."

"रोगाचं औषध हाय. लोकाइचं नाई." मग हळू आवाजात, पण प्रत्येक शब्द वेगळा काढून: "आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या बाहेर राह्यले. तुह्या आज्यानं आपल्याले आत आनलं. अन् मी एका पायासाठी परत बाहेर जाऊ?"

आमच्या भागातल्या माणसाला महारोग काय असतो हे सांगावं लागत नाही. लहानपणी बाजाराच्या तोंडाशी बसणारी माणसं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. तरी मला राग आला होता, खरं सांगतो. वाटलं, म्हणावं, तुम्ही त्या पायाने माणसं वाहिली, बाबा. गाडीत आईला बसवलं, माझ्या पोरीला बसवलं. पण त्यांचा चेहरा पाहून मी एवढंच विचारलं, "मंग सर्वे राह्यला की काय करत होते?"

"घराले कुलूप लावून गाडी काढत होतो. दिवसभर जंगलात. तुह्या आईले घेऊन. ती घरी राह्यली असती तर आशाबाईनं तिच्याकून काढून घेतलं असतं, तिले खोटं बोलता येत नव्हतं."

ते दिवस मला आठवले. आई संध्याकाळी पदरात रानातली टेंभरं नाहीतर चारं घेऊन यायची, केसांत पाचोळा. मी चिडवायचो, म्हातारपणी लय फिरायला लागलीस. ती लाजायची आणि म्हणायची, तुह्या बाबाले हवा खाऊ वाटते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गडचिरोलीला नेलं. गाडी मी चालवली. ते डावीकडे बसले, हात मांडीवर. मला वाटलं होतं नाही म्हणतील, हात-पाय झाडतील. पण एकदा तोंडातून निघाल्यावर त्यांचा सगळा जोर गेला होता. तालुक्यात कोणी पाहू नये म्हणून गडचिरोली, एवढीच त्यांची अट.

दवाखान्यात तिथल्या सिस्टरने त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पायावर पेनाचं टोक टेकवत गेली. समजलं की हो म्हणा. घोट्याच्या वरपर्यंत त्यांनी हो म्हटलं नाही. मग डॉक्टरांनी कोपर चाचपलं, गुडघ्यामागची नस चाचपली, सदरा काढायला लावून पाठ पाहिली. बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले होते. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब मशीनवर घेतला. डॉक्टरांनी मशीन पाहिली, परत एकदा थेंब घेतला.

"महारोग नाही तुम्हाला," ते म्हणाले. "शुगर आहे. खूप जुनी आहे. पायाच्या नसा तिने खाल्ल्या."

बाबांनी डोळे उघडले. "शुगर? ते चहात नाई घेत ते?"

"तीच."

बाबा हसले. आई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. बाकड्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी सांगितलं, "शुगर निंगाली. साधी शुगर." त्या माणसाने मान हलवली. मलाही बरं वाटलं, लपवत नाही. डॉक्टर पुढचं सांगत होते: गेलेल्या नसा परत येत नाहीत, जखम रोज पाहायची, कोमट पाण्याचाही भरवसा धरायचा नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. गाडीचं ऐकून बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. "चालन," ते म्हणाले. "पोरगा चालवते न. खोली त्यालेच ओढू द्या." मी तीन दिवस ज्याच्यासाठी जीव काढला ते त्यांनी एका शब्दात सोडून दिलं. पुढे मीच ती खोली ओढली, आजही ओढतो, डबी चांगली चालते.

सिस्टर कार्ड भरत होती. नाव, वय, गाव. गाव ऐकून ती म्हणाली, "आरमोरीचे? मंग इतके दिवस समजलं कसं नाई? घरी आशाताई येत नाई का?"

बाबा सदऱ्याच्या गुंड्या लावू लागले. मी म्हणालो, "येते. हे घरी राहत नव्हते."

"अरे बाप्पा. ती तर शुगर पाहते, बीपी पाहते. दारातच. दोन मिनटाचं काम."

बाबा खुर्चीवरून थोडे पुढे सरकले. "बीपी बी पाहते?"

"हो न. तिशीच्या वरच्या सगळ्याइचं. बायाइचं तर पयले पाहतो आम्ही. जास्त निंगालं की लगेच गोळी सुरू."

"घरी येऊन?"

"घरी येऊन, बाबा." तिने कार्ड पुढे केलं. बाबांनी ते घेतलं, चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं. मग परत काढलं, उलगडलं, पाहिलं आणि परत ठेवलं. मी औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. वळून पाहिलं तेव्हा ते तसेच बसले होते, आणि शेजारच्या माणसाशी आता बोलत नव्हते.

बाहेर आलो. मी चालवायच्या बाजूने चढलो आणि आतून डावीकडचं दार ढकलून उघडलं. बाबा दारापाशी आले. दारावर हात ठेवला आणि उभे राहिले. मला वाटलं पाय उचलायला त्रास होतोय, म्हणून हात पुढे केला.

"इथीच बसत होती ते," ते म्हणाले. "दर सर्वेले मीच इथी बसवून नेलं तिले."

मी हात पुढेच ठेवला होता. तुमची चूक नाही, असं म्हणायची ती वेळ होती. मला ते म्हणता आलं नाही, कारण मला ते खरं वाटत नव्हतं. हो, तुमचीच चूक, असंही म्हणता आलं नाही. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि त्याची इतकी कीव आली होती की तोंडातून काहीच निघालं नाही. रडू आलं नाही. यायला हवं होतं, एवढं कळलं.

"तू जा," बाबा म्हणाले. "मी यष्टीनं येतो."

तीस वर्षांत ते एसटीत बसले नव्हते. मी थांबा म्हणायच्या आत ते वळले आणि स्टँडकडे चालू लागले, पाय उचलून उचलून, जमीन कुठे आहे ते डोळ्यांनी पाहत. मी डावीकडचं दार ओढून लावलं. स्टँडच्या फाटकाबाहेर गाडी उभी करून थांबलो. आरमोरीची बस लागली, ते चढले, मागच्या बाजूला खिडकीपाशी बसले. बस निघाली तसा मी तिच्या मागे निघालो. रस्ता रिकामा होता, मला केव्हाही पुढे जाता आलं असतं. गेलो नाही. बस जिथे थांबली तिथे थांबलो, हलली की हललो, आणि मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत राहिलं, आरमोरी येईपर्यंत.